देवडी की लॉज?

जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीतली एलिझाबेथ पेम्बर्लीला पोचते, तेव्हा तिला तो भव्य वाडा लगेच दिसत नाही. आधी येते ते प्रवेशद्वारापाशी असलेले लॉज, मग दाट राई, अर्धा मैल चढ आणि तेव्हा कुठे दरीपलीकडचे ते घर. तौलनिक साहित्याच्या तासाला विद्यार्थी 'लॉज' या शब्दापाशी हमखास अडखळतात. त्यांच्या डोळ्यांपुढे एस.टी. स्टँडसमोरची 'बोर्डिंग-लॉजिंग'ची पाटी येते!

आम्ही 'देवडी' हा प्रतिशब्द सुचवून पाहिला. पण देवडीत पहारा असतो, लॉजमध्ये संसार. फाटक उघडणारा द्वारपाल, पुष्कळदा त्याची बायकोच, तेथे मुलाबाळांसह राहत असे. गाडीची चाहूल लागली की हातातले काम टाकून धावायचे, रात्री-अपरात्रीही.

अठराव्या शतकात फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकसारखी जुळी लॉजे बांधण्याची हौस बोकाळली. इमारती इतक्या चिमुकल्या, की काही ठिकाणी एकाच कुटुंबाचे स्वयंपाकघर फाटकाच्या एका अंगाला आणि निजायची खोली दुसऱ्या अंगाला. मालकाच्या नजरेला समतोल दिसावा म्हणून पावसातून रस्ता ओलांडून झोपायला जायचे! वास्तुकलेचे अभ्यासक या जोड्यांचे कौतुक करतात. आम्हांला मात्र ते मनापासून करता येत नाही.

ऑस्टेनच्या नजरेतून लॉजची सत्ता सुटलेली नाही. रोझिंग्जला डार्सी येणार म्हटल्यावर पाद्री कॉलिन्स सकाळभर लॉजे दिसतील अशा बेताने फेऱ्या मारतो, कारण आगमनाची पहिली वर्दी तेथेच मिळायची. फाटक उघडणाऱ्याला मात्र तिथे नाव नाही, चेहराही नाही.

तो प्रकर्षाने जाणवतो दाफ्ने द्यु मोरिएच्या 'रेबेका'च्या आरंभी, आणि तोही नसण्याने. स्वप्नात नायिका द्वारपालाला हाक मारते. उत्तर येत नाही, लॉज ओसाड आहे. ही कादंबरी १९३८ची. त्याच वर्षी नॉटिंगहॅमशरमधला न्यूकॅसलच्या ड्यूकांचा क्लम्बर हाउस हा प्रासाद पाडला गेला. विसाव्या शतकात अशी शेकडो घरे गेली. क्लम्बरचे ॲप्लीहेड लॉज मात्र उभे आहे. तेथून लाइम वृक्षांचा (लाइम म्हणजे येथे लिंबू नव्हे, लिंडन) दोन मैलांहून लांब दुतर्फा रस्ता आजही उद्यानात शिरतो; पर्यटकांच्या मोटारी लॉजपाशी न थांबता आत जातात.