फळ्यावरचं पाणी

महाराष्ट्राची चार पंचमांशाहून अधिक जमीन बेसॉल्टवर उभी आहे. गावात या घट्ट काळ्या कातळाला ‘पाषाण’ म्हणतात आणि त्याच्या मधल्या सच्छिद्र, ठिसूळ थराला ‘मांजऱ्या’. विहिरी खोदण्यात हयात गेलेल्या वडार कारागिराला पहार पडल्याच्या आवाजावरून कळतं, खाली यांतलं काय लागलंय ते. पाणी धरतो तो मांजऱ्या आणि त्याच्या वरचा मुरूम. पण तोही किती, तर शंभर घनमीटर खडकातून जेमतेम एक ते तीन घनमीटर पाणी हाती येतं. भूजलशास्त्र शिकताना हा आकडा मी पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ गावोगाव फिरताना उमगला. एवढ्याशा साठ्यावर ओळीने दहा विहिरी असतील, तर सातबाऱ्यावर त्या दहा नावांच्या असोत, जमिनीखाली त्या एकच आहेत. एका रांजणात दहा जणांनी आपापले तांबे बुडवावेत, तसं.

म्हणून आपल्याकडचा पाण्याचा प्रश्न मुळात शेजाऱ्याशेजाऱ्यांतला प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे. बंधारे, चर, शेततळी यांसाठी गाव एक होतं. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झालेल्या वॉटर कप स्पर्धेने श्रमदानाची ती ताकद साऱ्या राज्याला दाखवली. अवघड भाग त्यानंतर येतो. मुरलेलं पाणी कुणी किती उपसायचं, हे ठरवायला कुदळ-फावडं उपयोगी पडत नाही.

कायदा आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेता येत नाही. कुठल्याही दुष्काळी तालुक्यात विचारून पाहा, पाचशे-सातशे फुटांचे आकडे सहज ऐकू येतात. सरकारी माणूस प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. शेजारी मात्र रोज तिथे असतो.

आणि त्या शेजाऱ्याशी पाणी वाटून घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. सामाईक विहिरीतला हिस्सा लोक अजून आण्यांत सांगतात, ‘आमचं चार आणे पाणी’ असं. चुलत भावांच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात कुणाची पाळी कशी सरकेल, हे कागदाशिवाय चोख चालतं. खानदेश-बागलाणात पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत कित्येक पिढ्या अशीच चालली. बंधाऱ्यावरून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं आणि पाणी देणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमायचा. पाण्याच्या नियोजनावरची आजची कितीतरी पाठ्यपुस्तकं या रीतीपुढे मला कोरडी वाटतात.

त्यामुळे नव्या गावात गेल्यावर मी नकाशा पिशवीतच ठेवते. आधी, इथे कोणाला काय माहीत आहे ते विचारत फिरते. मोटारींचं रिवाइंडिंग करणारा हा माझा पहिला गुरू. गावातल्या बहुतेक बोअरमध्ये मोटार सोडण्या-काढण्याचं काम त्याच्या हातचं असतं. कुठे किती पाइप उतरले आणि दोन वर्षांत कुठे किती वाढवावे लागले, हे त्याला तोंडपाठ असतं, म्हणजे पाणी खाली चालल्याचा दाखला त्याच्याजवळ तयार असतो. ओढ्याच्या कुठल्या वळणावर चैत्रापर्यंत ओल टिकते, ते मेंढपाळ दाखवतो. ७२ च्या दुष्काळात सगळ्यात शेवटी आटलेली विहीर कोणती, हे ज्यांनी तिथून डोक्यावर हंडे वाहिले त्या आजीच सांगू शकतात. बचत गटाच्या सचिव ताई दहा-दहा वर्षं खाडाखोडीशिवाय वह्या लिहितात. त्यांच्याइतक्या विश्वासाच्या नोंदी मला सहसा कुठे मिळत नाहीत. हे सगळे एकाच गावात राहतात, पण एका चटईवर बसून हे एकमेकांना सांगण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला नसतो. माझ्या कामातला निम्मा भाग तो प्रसंग आणण्याचाच आहे.

साधनं अगदी साधी लागतात. एक लांब फिता, त्याच्या टोकाला वजनासाठी बांधलेला नट, विहिरीच्या काठावर तैलरंगाची एक खूण. दर पंधरा दिवसांनी, सकाळी मोटार सुरू होण्याआधी, त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. शाळेच्या मैदानात, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, एक पर्जन्यमापक. त्याची नोंद रोज सकाळी साडेआठला मुलं घेतात. आणि देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा रंग दिलेला फळा. त्यावर पाऊस किती झाला आणि विहिरींचं पाणी किती खोल आहे, एवढंच लिहायचं.

विहिरीत बसवायची स्वयंचलित यंत्रं आता मिळतात. तासातासाची पातळी ती थेट मोबाइलवर पाठवतात. संशोधनाला ती फार मोलाची आहेत, मीही वापरते. पण गावाचा निर्णय ज्या आकड्यावर उभा राहायचा, तो कुणालाही फिता घेऊन पडताळता आला पाहिजे. एका गावात वरच्या आणि खालच्या वस्तीचं पाण्यावरून जुनं वैर होतं. यंत्राचा आकडा दोघांनीही नाकारला. मग सर्वांच्या संमतीने असं ठरलं, की वरच्या वस्तीच्या विहिरी खालच्या वस्तीतल्या पोरांनी मोजायच्या आणि खालच्यांच्या वरच्यांनी. तो पहिला हंगाम आकड्यांवरून भांडण न होता पार पडला. भांडणं झाली ती पिकांवरून, आणि ती व्हायलाच हवी होती.

फळ्यावर आकडे साठले की हिशेब मांडता येतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात ४५० मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेचार हजार टीसीएम पाणी पडलं. एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. हा शब्द आता चावडीवरही सर्रास ऐकू येतो. यातलं बरंचसं उडून किंवा वाहून जातं. आपल्या कातळात साधारण दहावा हिस्सा मुरला असं धरलं, तर ४५० टीसीएम उरले. दोन हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटर दिलं, तर वर्षाला सुमारे ४० टीसीएम लागतात. जनावरांचं वेगळं. इथवर सगळे शांतपणे ऐकतात. मग पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी वीस टीसीएमच्या वर पाणी लागतं, हे फळ्यावर येतं, आणि वीस हेक्टर ऊस म्हणजे गावाचं जवळपास सगळं पाणी, हे गुणाकार करणाऱ्या पोराच्याच तोंडून बाहेर पडतं. हरभऱ्याला हेक्टरी तीन टीसीएमच्या आसपास पुरतात. त्या सभेत यापुढे मला बोलावं लागत नाही. ज्यांचा ऊस आहे ते आणि ज्यांचा नाही ते, दोघंही नात्यातले असतात, एकमेकांच्या लग्नकार्याला जाणारे असतात. तोडगा त्यांनाच काढावा लागतो.

असे तोडगे निघाले आहेत. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने वाटलं नाही. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस वर्ज्य. भूमिहीनांनाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नसे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस-केळी दूर ठेवली आणि पावसाच्या नोंदीवरून ग्रामसभेत पिकं ठरवण्याची प्रथा पाडली. कोरेगाव तालुक्यातल्या रणदुल्लाबादनेही शेतीच्या बोअरला नकार दिला. ही गावं श्रीमंत होती म्हणून हे झालं नाही. तिन्हींपैकी एकही पाणथळ मुलखातलं नाही.

नात्यांचं मी एवढं कौतुक करते, तरी एक गोष्ट मला सतत सलते. भावकी जशी बांधून ठेवते, तशी ती बाहेरही ठेवते. पाण्याची सभा विहीर असलेल्यांचीच होते. ज्यांच्या नावावर विहीर नाही आणि जमीनही नाही, ती कुटुंबं फळ्यापासून लांब उभी असतात. अनेकदा त्यात जातही असते. मोबाइलवरच्या गावाच्या ग्रुपमध्ये बायकांचे नंबर फार थोडे असतात. तिथे फळ्याचा फोटो टाकला म्हणजे गावाला कळलं, असं मानता येत नाही. मी देवळाच्या भोंग्यावरून आकडे वाचून दाखवायचा आग्रह धरते आणि एखाद्या तरी विहिरीची मोजणी भूमिहीन घरातल्या मुलीकडे द्यावी म्हणते. काही गावं ऐकतात. नायगावने जवळपास पन्नास वर्षांपूर्वी भूमिहीनाला हिस्सा दिला. आजच्या समित्या तेवढंही पुढे जात नसतील, तर ती पीछेहाट आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

पावसाळा सरल्यावर विहिरी सगळ्यात जास्त भरलेल्या असतात आणि रब्बीच्या पेरण्या तोंडावर असतात. वर्षाचा हिशेब मांडायचे दिवस हेच. दिवाळीला तुम्ही गावी जाणार असाल, तर भाऊबीज उरकल्यावर शेजारच्या घरातलं एखादं पोर सोबत घ्या, एक फिता घ्या आणि तुमच्या विहिरीबरोबर शेजाऱ्याचीही विहीर त्याला विचारून मोजा. दोन्ही आकडे तारीख घालून भिंतीवर लिहा. आणि पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारून या.