भाच्यास, फुरसुंगीच्या पोराविषयी

मेहकर, जि. बुलढाणा
शनिवार



तुझ्या आईचा फोन आला होता. वर्गातून आलास की तू खोलीचं दार लावून घेतोस, मेसमध्ये एकटाच बसतोस, रविवारीही बाहेर पडत नाहीस, असं म्हणाली. काळजीत आहे ती. मला तुला उपदेश करायचा नाही. तुझ्यासारखंच गावाकडून पुण्याच्या होस्टेलात आलेलं एक पोर आहे, त्याच्याविषयी लिहायचं आहे. पुस्तकातलं पोर, बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, आमचा फाफे. मुक्काम फुरसुंगी, शाळा विद्याभवन.

त्याच्यावरचा 2017 सालचा सिनेमा तू पाहिला आहेस. त्यात अमेय वाघचा फास्टर फेणे मोठा झालेला आहे, आणि दिलीप प्रभावळकर खुद्द त्याचे लेखक भा. रा. भागवत झालेत. आमच्या पिढीला त्याआधी 1987 साली दूरदर्शनवर सुमीत राघवन दिसला. पण माझा फाफे ह्या दोघांच्याही आधीचा, गावच्या वाचनालयातल्या शिवण उसवलेल्या पुस्तकातला. किडकिडीत अंग, चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल आणि टाळ्याला जीभ लावून काढलेला तो ‘ट्टॉक्’ आवाज. मी तो रस्त्यानं जाता जाता काढायचो आणि तुझी आजी रागवायची.

तेव्हा मराठी घरात मुलांसमोर ठेवायचा नायक म्हणजे साने गुरुजींचा श्याम. श्यामवर माझं प्रेम आहे, आजही आहे. पण मी फाफे वाचू लागलो त्या वर्षी आपली विहीर आटली होती, पेरणी वाया गेली होती आणि तुझे आजोबा दिवसदिवस ओसरीवर न बोलता बसायचे. घरात आधीच रडू दाटलेलं, तिथं श्याम वाचवेना. फाफे मात्र वाचता आला. ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ ही नुसती नावं घेतली तरी मी अंथरुणातून उठून बसायचो. चिनी आक्रमणाच्या वेळी तर हा पोरगा थेट सरहद्दीवर! मेहकरच्या पुढं फार तर शेगावपर्यंत गेलेल्या मला त्यानं केवढा मुलूख दाखवला.

लेका, फाफे आनंदी का असतो, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याचं सगळं छान चाललेलं असतं म्हणून नव्हे. तो चोरांच्या तावडीत सापडतो, घाबरतो, मार खातो, उपाशी राहतो. पण त्याचं लक्ष स्वतःवर फार वेळ टिकतच नाही. हा माणूस खोटं का बोलला, तो आवाज कुठून आला, ज्याच्यावर आळ आलाय तो खरंच दोषी आहे का, ह्यातच तो गुंतलेला. दुसऱ्याच्या अडचणीत आणि समोरच्या कोड्यात तो इतका बुडालेला असतो की दुर्मुखलेलं राहायला त्याला सवडच नसते. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. अंगात ताकद नाही, खिशात पैसा नाही, कुणी थोर पाठीशी नाही. आहे ते कुतूहल.

भागवतही त्याच मुशीतले असणार. जन्म 1910चा, इंदूरचा. ‘बालमित्र’ मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला. मुलांसाठी लिहिणं म्हणजे सोपं, दुय्यम काम, असं समजणाऱ्यांनी त्यांच्यासारखं एक पान लिहून दाखवावं.

मी शाळेत शेवटच्या तासाला फाफे वाचून दाखवतो, हे तुला ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या परसबागेतली मेथी आणि पालक रातोरात फस्त व्हायला लागला. सगळ्यांनी शेजारच्या शेळ्यावाल्या आजोबांना धरलं. म्हाताऱ्यानं परोपरीनं सांगितलं, कुणी ऐकेना. चौथीतल्या दोन पोरी, त्यातली एक वर्गात तोंडातून शब्द न काढणारी, सकाळी प्रार्थनेच्या आधीच येऊन वाफ्यात पट्टी घेऊन बसल्या. ओल्या मातीत उमटलेला खूर मोजला, मग आजोबांच्या गोठ्यात जाऊन शेळीचा मोजला. वाफ्यातला कितीतरी मोठा निघाला. कुंपणापलीकडं एकाच जागी लेंड्यांचा ढीग सापडला. रोही, म्हणजे नीलगाय! ते असंच ठरलेल्या जागी येऊन लेंड्या टाकतात, हे त्या न बोलणाऱ्या पोरीला तिच्या बापानं शेतात दाखवलेलं होतं. तिनं सगळ्या शाळेसमोर उभं राहून ते सांगितलं. आजोबांचे डोळे भरून आले, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ‘ट्टॉक्’ केलं.

आपल्या जिल्ह्यात फाफेला काम कमी पडलं नसतं, असं मला नेहमी वाटतं. जून 2020 आठव. लॉकडाऊनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. कुणी म्हणे प्रकोप, कुणी पुराणातल्या लवणासुराच्या रक्ताची आठवण काढली. वन विभागानं पाण्याचे नमुने तपासायला पाठवले, आणि उत्तर तुझ्या पुण्यातूनच आलं, आघारकर संशोधन संस्थेतून. उन्हाळ्यात पाणी घटलं, खारटपणा वाढला, त्या खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचाच तो रंग. पाऊस झाला आणि पाणी पुन्हा हिरवट दिसू लागलं. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेलं जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर आपल्या तालुक्याला लागून, आणि त्याचं कोडं जिथं सुटलं ती संस्था तू राहतोस त्या शहरात!

तेव्हा एक कर. येत्या रविवारी सायकल काढ आणि ती इमारत कुठं आहे ते शोध, नुसती बाहेरून पाहिलीस तरी चालेल. पुढच्या रविवारी फुरसुंगी गाठ, हडपसरच्या पुढं आहे. खोलीतल्या मुलालाही बरोबर ने. तो सोलापूरकडचा आहे म्हणे, त्याच्या घरी कोण कोण असतं, हे तुझ्या आईनं विचारलं तेव्हा तुला सांगता आलं नाही. ते विचारून मला कळव.

दिवाळीत आलास की लोणारला सायकलवर जाऊ. तुझ्या इथल्या सायकलचं मागचं टायर गेलं आहे, ते आणि दोन्ही ट्यूब मी बदलून ठेवतो.

तुझा मामा