जाळापाशी बस

जळगाव, मार्गशीर्ष

चि. छोटीस,


एडिंबरोत सध्या पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो, अंधार अंगावर येतो आणि स्वयंपाकाला उभं राहवत नाही, असं तू लिहिलंस. मला वाटतं, रांधायचे खरे दिवस हेच.

इथला मे महिना आठव. पारा 44-45 अंशांवर आणि आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय. त्या जागेकडे कुणी फिरकत नसे. थंडी पडली की तीच जागा घरात सगळ्यांना हवीशी. दादा चहा घेऊन तिथे, आपण पाटी-दप्तर घेऊन तिथे, आजी तर पाट मांडूनच बसलेली. वर्षभर एकटीने रांधणाऱ्या बाईला सोबत मिळायची, आणि ऊब सगळ्यांच्या आधी तिच्या वाट्याला यायची. मला हिवाळा आवडतो तो यासाठी.

आपलं भरीतसुद्धा याच दिवसांतलं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की चातुर्मासात बंद असलेली वांगी आणि कांदे पानात परत येतात. शेतात कापसाची वेचणी सरत आलेली असते, पऱ्हाट्या वाळून हाताशी असतात. वांगीही आता भरात. हिरवट, पांढऱ्या रेघांची, मोठाली आणि कमी बियांची. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या माणसाला त्याची थोरवी सांगायची गरज कधीच नव्हती, तरी मला आनंद झाला होता.

पऱ्हाट्यांचा जाळ भर्रकन चढतो. साल करपते आणि आतला गर स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो. धूर सालीतून आत उतरतो, तो निराळाच. शेतातल्या भरीत पार्टीत वांगी भाजायला पुरुष बसतात आणि मध्यरात्र झाली तरी जाळापासून हलत नाहीत. एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्यांना त्या रात्री कुणी बोलवावं लागत नाही. मग सोललेला गर लाकडी बडगीत ठेचायचा. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो; ठेचला तर रेषा राहतात, आणि खरी चव त्या रेषांत. वरून तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, मूठमूठ कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत केळीच्या पानावर कळण्याची भाकरी.

तिथे जांभळी वांगी मिळतात, ती चालतील. टोचे मार, तेलाचा हात लाव आणि ओव्हन चांगला कडक तापवून वांगी अगदी लिबलिबीत होईपर्यंत राहू दे. घाई करू नकोस. बाहेर काढून झाकून ठेव, म्हणजे साल सुटेल. धुराची चव ओव्हनमध्ये येणार नाही. ती हवी असेल तर उन्हाळ्यात अंगणातल्या शेगडीवर कर. आत्ता चव थोडी उणी राहिली तरी चालेल, ओव्हन चालू राहणं महत्त्वाचं. ट्रे आत सरकवून दुसऱ्या खोलीत जाऊन बसू नकोस. खुर्ची तिथेच ओढ. जावईबापूंना लसूण सोलायला बसव, मुलांचा अभ्यास त्याच टेबलावर घे. भरीत झाल्यावर ओव्हन गरम आहे तोवर रताळी आत टाक, ती सकाळी दुधात कुस्करता येतील.

कळणा दळून ठेवला आहे. ज्वारीत सालासकट उडीद आणि थोडं मीठ, बाकी काही नाही. तुझ्या शेजारच्या गावातली मुलगी पुढच्या आठवड्यात परत निघते आहे, तिच्याकडे देते. भाकरी थापताना पाणी कोमट घे आणि पीठ चांगलं मळ, नाहीतर कडा चिरतात. आणि किती जण ओव्हनभोवती जमले ते कळव.

तुझी,
ताई