त्या दिवशी मी चुकले

परवा आठवडी बाजारात भाजी घेत होते. मागून हाक आली, "बाई!" वळून पाहिलं तर आमचा बंडू. (हे त्याचं खरं नाव नाही. आता मोठा झालाय, खरं लिहिलेलं त्याला आवडायचं नाही.) आईबरोबर कांदे विकायला बसला होता. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि स्टॅंडपर्यंत सोडायला आला. माझा चष्मा नेमका घरी राहिलेला, तेव्हा एसटीची पाटीही त्यानेच वाचून सांगितली. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? हायस्कुलातला मुलगा, पाटी वाचणारच की! पण गाडीत बसल्यावर मला रडू आलं. का, ते सांगते.

गोष्ट जून २०२२ ची. मला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. घरी येऊन म्हणाले, "बाई, पाचवीतल्या काही मुलांना अजिबात वाचता येत नाही. आठवड्यातून तीन दिवस याल का?" भाची फोनवर रागावली, "मावशी, गुडघे दुखतात ना तुझे? आता कशाला पुन्हा शाळा?" पण खरं सांगू, मी मनातून सुखावले होते. छत्तीस वर्षं शिकवलं, महिन्याभरात वाचायला लावते की नाही बघा, असा माझा तोरा.

जरा हिशेब करा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं दुसरीत होती. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे अख्खी तिसरी आणि अर्धी चौथी घरात. जानेवारीत पुन्हा काही दिवस कुलूप. मधल्या काळात जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, पण तोही बराचसा मोबाईलवरून. ज्यांच्या घरी एकच फोन आणि तो बापाच्या खिशात, त्यांनी काय करायचं? मुलं वरच्या वर्गात जात राहिली, वाचन मात्र दुसरीतच राहिलं.

पहिल्याच दिवशी मी बंडूला उभं केलं आणि मराठीचं पुस्तक हातात दिलं. त्याने पान उघडलं, चित्राकडे पाहिलं आणि चित्रावरून गोष्ट रचून सांगू लागला. मुलं हसली. मी म्हणाले, "पाचवीत आलास आणि बाराखडी येत नाही?" तो खाली बसला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलाच नाही.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. आजी कांद्याच्या चाळीपाशी बसली होती. म्हणाली, "बाई, ह्याचा बाप गेल्या साली करोनात गेला. दवाखान्यात जाताना मोबाईल संगं नेला होता. दवाखान्यातून नुसता मोबाईल आला. तवापासून पोरगं फारसं बोलत न्हाई." बंडू आत कांदे निवडत होता. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. छत्तीस वर्षांत किती मुलांना मी असं उभं केलं असेल?

आजीने समजावून त्याला शाळेत पाठवलं. मी वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "बंडू, त्या दिवशी मी चुकले. तुला वाचता येत नाही, यात तुझा दोष नाही. शाळाच बंद होती. आणि मी तुझं हसं केलं." मुलाची माफी मागायची माझी ही पहिलीच वेळ. वर्ग चिडीचूप झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मला पण नाही येत." मग आणखी एक. माझ्या हिशेबी न वाचणारी मुलं पाच होती, त्या दिवशी ती अकरा झाली. बाकीची सहा पाठ केलेलं म्हणून दाखवत होती, आणि मला, जुन्याजाणत्या शिक्षिकेला, ते कळलं नव्हतं!

मग मुख्याध्यापकांशी बोलून रोज एक तास तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट केले. इयत्तेप्रमाणे नाही, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे. 'प्रथम' संस्थेने ही पद्धत कितीतरी ठिकाणी वापरली आहे. मी ती सत्तरीत शिकले. माझे तीन दिवस मी माझ्या गटात आधी नुसत्या गप्पा मारायची. मुलं जे बोलतील ते फळ्यावर लिहायची आणि तेच वाचायचं. बंडूचं पहिलं वाक्य होतं, "सडका कांदा लगेच काढायचा, नाहीतर वास सुटतो." स्वतःचंच वाक्य, त्याने बोट ठेवून वाचलं. कोणी हसलं नाही.

दिवाळीनंतर त्याने वहीत लिहिलं, "पप्पांचा मोबाइल कपाटात आहे. आई रीचारज करत नाही." लाल पेन हातात होतं. मी टोपण लावून ठेवून दिलं. त्याला जवळ बसवून विचारलं, "पप्पा काय रे म्हणायचे तुला?" त्या दिवशी तो अर्धा तास बोलला.

सगळ्यांचं असं गोड झालं नाही. ती मागच्या बाकावरची मुलगी पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. आई मजुरीला जाते, धाकट्या भावाला कोण सांभाळणार? दोनदा घरी जाऊन आले. ते अपयश मनात आहेच.

'असर'च्या पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत, तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ झाली आणि २०२४ मध्ये २३.४. सावरलं, पुढेही गेलं, शिक्षकांचं कौतुकच आहे. पण शंभरातली पंचाहत्तरच्या वर मुलं अजून अलीकडेच आहेत. त्यातली कितीतरी पाठ केलेलं म्हणून दाखवत असतील. त्यांना आधी 'मला येत नाही' असं न घाबरता म्हणता आलं पाहिजे. शिकवणं त्यानंतर सुरू होतं.

तुमच्यापैकी कोणी निवृत्त असाल, गावात शाळा असेल, तर आठवड्यातून एक तास जाऊन बसा. लाल पेन घरी ठेवून जा.

असो. गुडघ्यांना तेल लावायची वेळ झाली. उद्या माझा शाळेचा वार आहे.