कोन्या गावची पोरगी?

काचबिंदूनं मामांची नजर नेली, वाचनाची सवय मात्र ठेवली. दारव्ह्याच्या घरी सकाळी पेपर वाचून दाखवायला कोणी नसे, म्हणून मी संगणकालाच बोलतं करायचं ठरवलं. विंडोजमध्ये आवाज आयतेच असतात. नोटपॅडमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून चालवली की यंत्र बोलू लागतं. गतीही उणे 10 ते अधिक 10 अशी हवी तशी लावता येते. मला वाटलं, झालं काम.

आधी ‘कल्पना’ हा हिंदी आवाज लावला. लिपी तीच, त्यामुळे तिनं मराठी वाचलं खरं. पण ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ झाले आणि कृपेची ‘क्रिपा’. मामा म्हणाले, “कोन्या गावची हाय रे हे पोरगी?”

मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घेतला. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला मराठी येतं. जोनाथन डडिंग्टन यांनी 1995 मध्ये एकॉर्न संगणकांसाठी केलेल्या ‘स्पीक’मधून तो वाढला. माणसाच्या आवाजाचे तुकडे न जोडता तो ध्वनी गणितानं घडवतो. म्हणून बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, पण जागा थोडकी आणि वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट.

तरी ‘जरा थांबा’मध्ये त्यानं म्हातारपणाच्या ‘जरा’चा ज लावला. दोन्ही ‘जरा’ लिहायचे एकसारखेच, यंत्रानं ओळखावं कसं? स्वतः डोळ्याला ‘डोया’ म्हणणाऱ्या मामांना तो ज मात्र लगेच खुपला.

खरी मेहनत आवाजात नव्हतीच, मजकुरात होती. ‘ता. दारव्हा, जि. यवतमाळ’ वाचताना प्रत्येक टिंबावर वाक्य संपल्यासारखं यंत्र थांबे. मी गावासाठी जुन्या फाँटमध्ये लिहिलेल्या सूचनेची तर इंग्रजी अक्षरांची खिचडी होई. पडद्यावर मराठी दिसे, आत मराठी नसेच. मी ‘तालुका’, ‘जिल्हा’ पूर्ण लिहू लागलो. लांब वाक्यं तोडली. कापसाच्या भावाचा तक्ता आकड्यांच्या रांगेसारखा ऐकू येई, म्हणून बाजार, किमान भाव, कमाल भाव असं एकेक वाक्य केलं. तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी फक्त बघणाऱ्यांसाठी लिहीत होतो.

गावासाठी सूचना लिहाल तेव्हा जुन्या फाँटऐवजी युनिकोडमध्ये लिहा, आणि फळ्यावर लावण्याआधी डोळे मिटून ती एकदा यंत्राकडून ऐका.