हातांना लागलेला दम

पहाटेचे साडेपाच. हातांनी फिरवायच्या पेडलवर आज पूर्ण 20 मिनिटं झाली. दंड भरून आलेत, श्वास फुललाय, पण नाडी 120च्या पुढे सरकत नाही. माझ्या मज्जारज्जूची इजा छातीच्या चौथ्या मणक्यापाशी. हृदयाला पळवणाऱ्या नसांचा निरोप तिथेच अडतो. सुरुवातीला वाटायचं, मीच कमी पडतोय. आता नाडीवरून मेहनत मोजत नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम लागला की पुरे. छातीखाली घाम येत नाही, म्हणून शेजारी ओला पंचा ठेवतो. आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं, हा किमान हिशेब. हृदय आणि साखर सांभाळायची तर तीनदा अर्धा तास.

अशा वेळी मुरलीकांत पेटकर आठवतात. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं बळ गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरलेला हा जवान 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आला. आपल्याच पुण्यात स्थायिक झालेला माणूस! खडकीत जखमी जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथले जवान व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळतात, हे आठवलं की माझे हात आपोआप पेडलकडे जातात.

आईनं चहा ठेवलाय. अजून पाच मिनिटं फिरवतो.