उसळी छर्रा गेल्यानंतरची

संपादकांनी ‘नेमबाजीवर सोपं काहीतरी’ मागितलं. सोपं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडतात ते. त्यालाच नेमबाजी समजणाऱ्यांशी सोलापुरात माझी कायमची हुज्जत. आमचं एअर पिस्तूल एकाच हातात धरायचं असतं आणि दहा मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो ११.५ मिलिमीटर.

त्यात परवा एका विद्यार्थिनीचे वडील मोबाइल घेऊन आले. मुलीचे शॉट वर, नवाच्या घरात जात होते. संथ गतीतलं चित्रण दाखवून म्हणाले, “सर, नळीचं तोंड कसं उसळतंय बघा. मूठ आवळायला सांगा, नाहीतर ॲब्सॉर्बरवालं पिस्तूल घेतो.” वर राही सरनोबतचा दाखला. अहो, कोल्हापूरच्या राहीचं २०१८ च्या जकार्ता एशियाडमधलं सुवर्ण २५ मीटरचं. तिथे दारूची गोळी, झटकाच वेगळा!

उसळतं हे खरं. नळी मुठीच्या वर असल्याने मागे येणारा धक्का पिस्तुलाला मनगटाभोवती फिरवतो. पण हिशेब करा. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला साधारण १५० मीटर, पिस्तूल किलोभर. सुमारे २४ सेंटिमीटरच्या नळीतून छर्रा सुटेपर्यंत पिस्तूल मागे सरकतं जेमतेम मिलिमीटरचा आठवा भाग. डोळ्यांना दिसते ती उसळी जवळजवळ सगळी त्यानंतरची. छर्रा कागदावर पोचतो सेकंदाच्या पंधराव्या भागात. तोवर नळी हलल्याचं आपल्याला उमगतही नाही.

बिघडतं ते आधी. धक्का येणार म्हणून तळहाताचा खालचा भाग नकळत पुढे रेटला जातो आणि शॉट वर जातो. ऐन वेळी मूठ आवळली तरी शॉट बिघडतोच. मूठ घट्ट की सैल यापेक्षा स्पर्धेतल्या साठही शॉटना सारखी हवी.

आता ॲब्सॉर्बर, इथे मला आवरत नाही. स्टेयरच्या एलपी १० पिस्तुलात एक छोटं वजन धक्का स्वतःवर घेतं. मोरिनी १६२ मध्ये तसलं काही नाही. जगातली पदकं दोन्हींनी मिळवली आहेत. २५ मीटर रॅपिड फायरमध्ये, ज्यात विजय कुमारने २०१२ साली लंडनला रौप्य जिंकलं, चार सेकंदांत पाच निशाण्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात. तिथे उसळी महाग पडते. आम्हाला ६० शॉटना ७५ मिनिटं आहेत. तोंड उसळलं तर उसळू दे. फक्त हात सेकंद-दोन सेकंद तसाच ठेवून नळीच्या टोकावरची माशी कुठे परत येते ते पाहावं. मूळ जागी आली तर उभं राहणं बरोबर. दर वेळी डावीकडे उतरत असेल तर मनगटाने ओढून आणू नये, पाय फिरवावेत.

त्या मुलीला सध्या रिकाम्या पिस्तुलाने कोऱ्या कागदावर ट्रिगर दाबायला लावलंय. धक्काच नाही, तरी माशी हलते, हे तिने स्वतःच पाहिलं. वडिलांना वाटतंय, मी छर्रे वाचवतोय.